‘जादा’ स्त्रियांचा हिशेब



१८६२ साली इंग्लंडमधील ‘नॅशनल रिव्ह्यू’ या नियतकालिकात डब्ल्यू. आर. ग्रेग नावाच्या गृहस्थांचा एक लेख प्रसिद्ध झाला. ‘स्त्रिया जादा का झाल्या?’ अशा अर्थाचे त्याचे शीर्षक होते. ग्रेग हे मँचेस्टरकडील एका प्रख्यात गिरणीमालक घराण्यातले. स्वतः काही काळ गिरणी चालवून पुढे ते सरकारी जकात खात्यात वरिष्ठ पदावर गेले. गोदामात पडून राहिलेल्या कापडाच्या गाठींविषयी गिरणीमालकाने ज्या तऱ्हेने बोलावे, त्याच तऱ्हेने ते आपल्या देशातील अविवाहित स्त्रियांविषयी बोलत होते. माल येथे जास्त झाला आहे, वसाहतींत त्याला मागणी आहे, तेव्हा तो जहाजांत भरून तिकडे रवाना करावा, हा त्यांचा उपाय. जहाजांच्या किती फेऱ्या कराव्या लागतील याचे गणितही त्यांनी मांडले होते.

या साऱ्या चर्चेला निमित्त झाली ती १८५१ सालची खानेसुमारी. ग्रेट ब्रिटनमध्ये पुरुषांपेक्षा स्त्रिया पाच लाखांच्या आसपास अधिक आहेत, असे तीत आढळून आले. कारणे काही गूढ नव्हती. साम्राज्य ज्यांच्या जोरावर उभे होते ते तरुण पुरुष लष्करात होते, आरमारात होते, नाहीतर कॅनडा-ऑस्ट्रेलियात आणि हिंदुस्थानात होते. मागे राहिलेले पांढरपेशे पुरुष प्रतिष्ठेला शोभेल असे उत्पन्न हाती आल्यावाचून लग्नाला उभे राहत नसत, आणि ते येईतो तारुण्य ओसरू लागे. ज्या व्यवस्थेने पुरुषांना दूरदेशी धाडले, तिनेच मागे उरलेल्या त्यांच्या बहिणींना जादा ठरविले होते. परंतु लाखो पुरुष अविवाहित राहिले असते तर त्यांना कोणी जादा म्हटले नसते. पुरुषाचे अस्तित्व त्याच्या कामावरून मोजले जाई आणि स्त्रीचे तिच्या नवऱ्यावरून.

हॅरिएट मार्टिनो यांनी १८५९ सालीच ‘एडिंबरो रिव्ह्यू’मध्ये या समजुतीचा फोलपणा आकड्यांनिशी दाखवून दिला होता. देशातील सुमारे साठ लाख प्रौढ स्त्रियांपैकी तीस लाख पोटासाठी राबतात, आणि त्यांतल्या वीस लाख कोणाच्याही आधारावाचून स्वतःचे भागवतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुरुष मिळवितो आणि स्त्री खाते, हे चित्र दिवाणखान्यापुरते खरे होते. गिरणीत, शेतावर, स्वयंपाकघरात आणि शिवणाच्या खोल्यांत ते कधीच खरे नव्हते.

ग्रेग यांच्या लेखातील एक जागा कार्यकर्त्यांनी मुद्दाम ध्यानात ठेवावी अशी आहे. घरकामाच्या मोलकरणी जवळपास सगळ्या अविवाहित असत, त्यांची संख्या प्रचंड होती. मग त्याही जादा का? ग्रेग म्हणतात, नव्हेत. कारण त्या पुरुषाच्या आश्रयाने राहतात आणि पुरुषाची सेवा करतात, म्हणजे स्त्रीजन्माची दोन्ही अंगे त्यांच्याकडून पार पडतात! लेखकाने येथे नकळत आपले पोट उघडे केले आहे. अविवाहितपणाला त्याचा आक्षेपच नव्हता. कोणाच्याही सेवेत नसलेली, स्वतःच्या पायांवर उभी राहू पाहणारी स्त्री त्याला सलत होती.

त्याच वर्षी फ्रान्सिस पॉवर कॉब यांनी ‘फ्रेझर्स मॅगझिन’मधून ग्रेग यांना उत्तर दिले. एकटे जगणे असह्य करून स्त्रियांना लग्नात ढकलले, तर त्या लग्नांना विवाहाचे पावित्र्य कसे राहील, असा त्यांचा प्रश्न होता. अविवाहित जीवन मोकळे आणि सुखाचे करा, म्हणजे जी लग्ने होतील ती प्रेमाची होतील, असा त्यांचा युक्तिवाद. कॉब स्वतः मेरी लॉइड या शिल्पकार मैत्रिणीबरोबर तीस वर्षांहून अधिक काळ एका घरात राहिल्या. लग्न न केलेली स्त्री म्हणजे उजाड, एकाकी, कडवट जीव, ही कादंबऱ्यांनी रूढ केलेली प्रतिमा त्या घराला लागू पडणारी नव्हती.

येथे इंग्लंडच्या कायद्यातील एक विलक्षण विसंगती सांगावयास हवी. एकवीस वर्षे पुरी झालेली अविवाहित स्त्री ही कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र व्यक्ती होती. ती मालमत्ता बाळगू शके, करार करू शके, दावा लावू शके, मृत्युपत्र करू शके, आणि तिची कमाई तिचीच असे. लग्न लागताक्षणी हे सारे संपुष्टात येई. नवरा-बायको कायद्याने एक, आणि तो ‘एक’ म्हणजे नवरा. बायकोने दिवसभर धुणी धुऊन आणलेले पैसे दारूच्या गुत्त्यावर उधळण्याचा नवऱ्याचा अधिकार न्यायालय मान्य करी. बार्बरा ली स्मिथ या सत्तावीस वर्षांच्या अविवाहित तरुणीने १८५४ साली स्त्रियांविषयीच्या कायद्यांचा सोप्या भाषेतला गोषवारा पुस्तिकारूपाने छापला, तेव्हा आपली खरी स्थिती काय आहे ते हजारो स्त्रियांना प्रथमच कळले. १८५६ साली विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेसाठी पार्लमेंटकडे जो अर्ज गेला त्यावर सव्वीस हजार सह्या होत्या. बायकोची कमाई बायकोची, एवढे मान्य व्हायला १८७० साल उजाडावे लागले, आणि तिच्या सर्व मालमत्तेवरील हक्क १८८२ साली मान्य झाला.

मताधिकाराचीही तीच कथा. १८६७ साली जॉन स्टुअर्ट मिल यांनी स्त्रियांच्या मताधिकाराची दुरुस्ती पार्लमेंटात मांडली. ती ७३ विरुद्ध १९६ मतांनी फेटाळली गेली. मात्र दोनच वर्षांनी, १८६९ साली, घरपट्टी भरणाऱ्या स्त्रियांना नगरपालिकेच्या निवडणुकीत मत मिळाले. १८७२ साली न्यायालयाने निर्वाळा दिला की हे मत अविवाहितांना आणि विधवांनाच आहे, सवाष्णीला नाही. लग्न होताच ती मतदार यादीतून उतरे. ज्या अविवाहितेला समाज अपुरी स्त्री म्हणून हिणवीत होता, तिलाच कायदा पुरते माणूस मानीत होता.

मग अडचण कोठे होती? अडचण भाकरीची होती. कायद्याने दिलेले स्वातंत्र्य उपभोगावयाचे तर हाती उत्पन्न हवे, आणि सभ्य घरातल्या मुलीला उत्पन्नाचा मार्गच ठेवलेला नव्हता. बाप वारला, पेढी बुडाली, की तिच्यापुढे एकच दार उरे : श्रीमंताच्या घरी राहून मुलांना शिकविणारी गव्हर्नेस होणे. १८५१ च्या खानेसुमारीत अशा सुमारे पंचवीस हजार शिक्षिका नोंदलेल्या आहेत.

शार्लट ब्राँटे पुढे ‘जेन एअर’ची लेखिका म्हणून जगभर गाजल्या. त्यांनी १८४१ साली अशी नोकरी धरली होती. पगार वर्षाला वीस पौंड, आणि त्यातून कपडे धुण्याचे सुमारे चार पौंड कापले जात. दिवसा मुलांना शिकवावयाचे, संध्याकाळी घरच्या शिवणाचे ढीग उपसावयाचे. ती मालकांच्या पंक्तीला बसण्याइतकी मोठी नसे आणि नोकरांच्या पंक्तीला बसण्याइतकी लहान नसे. म्हणून पुष्कळदा तिचे ताट एकटीचे. नोकर तिला चढेल म्हणत, मालकीण तिला नोकर म्हणे. यातून सुटण्यासाठी ब्राँटे भगिनींनी १८४४ साली आपल्या हॉवर्थच्या घरी मुलींची शाळा काढण्याचे ठरविले, माहितीपत्रकेही छापून वाटली. एकही विद्यार्थिनी आली नाही. त्या तिघींच्या लेखणीत किती सामर्थ्य होते ते आज सारे जग जाणते. परंतु यॉर्कशायरच्या त्या आडगावी तीन अविवाहित बहिणींच्या पोटापाण्याचा प्रश्न त्या सामर्थ्याने तेव्हा सुटला नव्हता.

आणि या शिक्षिका म्हाताऱ्या झाल्या की? १८४०-५० च्या दशकात त्यांच्या मदतीसाठी एक धर्मादाय संस्था निघाली. तिच्या मोजक्या वर्षासनांसाठी ढिगाने अर्ज येत. आयुष्यभर दुसऱ्यांची मुले वाढवून हाती काही न उरलेल्या, भावाबहिणींना पोसण्यात सगळी शिल्लक घालवून बसलेल्या, डोळे गेलेल्या स्त्रियांचे ते अर्ज होते. त्या संस्थेच्या चालकांना एवढे उमगले की दान पुरे पडणार नाही, शिक्षिकांनाच आधी शिक्षण हवे. त्यातून १८४८ साली लंडनचे क्वीन्स कॉलेज उभे राहिले, पुढल्याच वर्षी एलिझाबेथ रीड यांनी बेडफर्ड कॉलेज काढले. मुलींच्या उच्च शिक्षणाची गंगोत्री अशी एका उपासमारीत आहे.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे नाव प्रत्येक शाळकरी मुलाला ठाऊक असते. हातात दिवा घेतलेली देवता, एवढेच ते चित्र. त्यामागची हकीकत अधिक बोलकी आहे. श्रीमंत घरातल्या या मुलीने एका विद्वान, सुस्वभावी आणि तिला आवडणाऱ्या पुरुषाला १८४९ साली नकार दिला, कारण त्याच्या घरची व्यवस्था पाहण्यात आयुष्य गेले असते. त्यानंतरही काही वर्षे तिला घरात कोंडल्यासारखे काढावे लागले. रुग्णशुश्रूषा शिकण्याला आई आणि बहीण यांचा कडवा विरोध. अखेर १८५३ साली वडिलांनी तिला वर्षाला पाचशे पौंड बांधून दिले आणि ती मोकळी झाली. कर्तृत्व तिचे होते, यात संशय नाही. पण पाचशे पौंड म्हणजे शार्लट ब्राँटेचा पंचवीस वर्षांचा पगार. त्या देशात पाचशे पौंडांवाचून किती फ्लॉरेन्स दुसऱ्यांच्या घरी शिवण शिवत राहिल्या असतील, याची नोंद कोणत्याही खानेसुमारीत नाही.

याच्या उलट उदाहरण मार्टिनो यांचे. १८२९ साली ज्या धंद्यात त्यांच्या कुटुंबाचा पैसा गुंतला होता तो बुडाला. बहिरेपणामुळे शिक्षिकेची नोकरीही अशक्य. त्यांनी लेखणी धरली, आणि अर्थशास्त्र समजावून देणाऱ्या गोष्टींनी तीनचार वर्षांत त्यांचे नाव सर्वतोमुखी केले. घराणे बुडाले नसते तर प्रतिष्ठेने आपल्याला लिहून कमावू दिले नसते, म्हणून ते बुडणे हेच आपले भाग्य, असे त्या पुढे सांगत. प्रतिष्ठा ही किती महाग चीज आहे, हे ती गमावलेल्यांनाच कळते.

पन्नाशीच्या उत्तरार्धात मात्र या एकेकट्या धडपडींना संघटित रूप येऊ लागले. बार्बरा ली स्मिथ आणि बेसी पार्क्स यांनी १८५८ साली स्त्रियांचे मासिक सुरू केले. १८५९ साली स्त्रियांच्या रोजगारासाठी एक मंडळ स्थापन झाले. लंडनच्या लँगहॅम प्लेसमधील त्यांच्या कचेरीत वाचनालय होते, हिशेब शिकविण्याचे वर्ग होते, कायद्याच्या कागदांच्या नकला करण्याचे काम मुलींना मिळवून दिले जाई. १८६० साली एमिली फेथफुल यांनी ‘व्हिक्टोरिया प्रेस’ हा छापखाना काढला आणि मुलींना खिळे जुळविण्यास बसविले.

त्या छापखान्याला कोणी विरोध केला हे आपल्या चळवळीने विसरू नये. विरोध कंपोझिटरांच्या संघटनेने केला. हे काम स्त्रियांना झेपणार नाही, असे म्हणावयाचे आणि त्या ते करू लागल्या की आमची मजुरी पाडतील म्हणून ओरडावयाचे, ही दोन्ही विधाने एका दमात केली जात. १८७७ साली ट्रेड युनियन काँग्रेसच्या व्यासपीठावरून हेन्री ब्रॉडहर्स्ट यांनी सांगितले की आपल्या बायकांना बलाढ्य पुरुषांशी स्पर्धा न करता घरी आपल्या जागी राहता येईल, अशी परिस्थिती आणणे हे पुरुषांचे कर्तव्य होय. ब्रॉडहर्स्ट स्वतः पाथरवट होते, कामगारांतून वर आलेले, प्रामाणिक गृहस्थ. परंतु ज्या लाखो स्त्रियांना नवराच नव्हता, त्यांचे घर कोणते आणि जागा कोणती, हा प्रश्न त्यांना पडला नाही. गिरणीमालक ग्रेग आणि कामगार पुढारी ब्रॉडहर्स्ट या एका मुद्द्यावर एकाच बाकावर बसलेले दिसतात.

मालकवर्गाला मात्र हिशेब लवकर समजला. १८७० साली तारयंत्रे सरकारच्या पोस्टखात्याकडे आली आणि त्यांबरोबर तारा पाठविणाऱ्या मुलीही आल्या. खात्याचे अधिकारी फ्रँक स्कुडमोर यांनी १८७१ च्या आपल्या अहवालात मुलींना कामावर घेण्याचे फायदे मोकळेपणाने नोंदविले आहेत. ज्या पगारात पुरुष घ्यायचे तर खालच्या थरातले मिळतील, त्याच पगारात मुली चांगल्या शिकल्यासवरल्या घरांतल्या मिळतात. शिवाय नोकरीत वर्षे भरून पगार वाढण्याची वेळ येते तेव्हा त्या लग्न करून निघून जातात. पुढे, १८७६ पासून, हे जाणे त्यांच्या मर्जीवर ठेवले नाही; लग्न केले की राजीनामा, असा नियमच झाला. अविवाहितेला अखेर नोकरी मिळाली ती या अटीवर : ती स्वस्त असेल, आणि एकटी असेल तोवर.

हा नियम इंग्लंडच्या मुलकी नोकरीतून १९४६ साली गेला. परराष्ट्र खात्यातून तर १९७० नंतरच. त्याची सावली आपल्या देशावरही पडली होती. भारताच्या परराष्ट्र सेवेत स्त्री अधिकाऱ्याने लग्नापूर्वी सरकारची लेखी परवानगी घ्यावी, आणि संसारामुळे कामात बाधा येते असे सरकारला वाटल्यास तिला राजीनामा द्यावयास लावता यावे, असा नियम होता. सी. बी. मुथम्मा यांनी त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. १९७९ साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या पुरुषी मनोवृत्तीवर कडक ताशेरे ओढले.

शिक्षण आणि वैद्यक यांतील झगड्याची कथा पुष्कळांनी सांगितली आहे. तिचा विस्तार येथे नको. तरी एडिंबरोचा प्रसंग सांगितल्यावाचून राहवत नाही. १८६९ साली सोफिया जेक्स-ब्लेक आणि त्यांच्या मैत्रिणी तेथील विद्यापीठात वैद्यक शिकण्यासाठी दाखल झाल्या. त्यांतील एडिथ पीची यांनी रसायनशास्त्राच्या परीक्षेत शिष्यवृत्तीला पात्र ठरतील असे गुण मिळविले, आणि त्या स्त्री म्हणून शिष्यवृत्ती त्यांच्या खालच्या क्रमांकाच्या मुलाला देण्यात आली. १८ नोव्हेंबर १८७० रोजी परीक्षेला निघालेल्या या मुलींची वाट विद्यार्थ्यांच्या जमावाने अडवली, त्यांच्यावर चिखल फेकला, आणि परीक्षा चालू असता दालनात एक मेंढी सोडली. १८७३ साली न्यायालयानेही मुलींच्या विरुद्ध निकाल दिला. मग जेक्स-ब्लेक यांनी १८७४ साली लंडनमध्ये स्त्रियांसाठी स्वतंत्र वैद्यकीय विद्यालयच उभारले.

केंब्रिजची गंमत निराळी. तेथे मुलींना परीक्षेस बसू देत, पण पदवी देत नसत. १८९० साली फिलिपा फॉसेट गणितात पहिल्या आलेल्या पुरुषाच्याही वर आल्या. तरी ‘सीनियर रँग्लर’ हा किताब त्यांच्या खालच्या पुरुषाकडेच राहिला. नऊ वर्षांनी, १८९९ साली, आपल्या रघुनाथराव परांजप्यांना तो मान मिळाला तेव्हा महाराष्ट्राने केवढा उत्सव केला! गुलाम देशातल्या पुरुषाला जे दार उघडले, ते राज्यकर्त्यांच्या देशातल्या मुलीला बंदच होते. केंब्रिजने स्त्रियांना पूर्ण पदव्या दिल्या त्या १९४८ साली.

एडिंबरोत जिच्यावर चिखल उडाला तीच एडिथ पीची १८८३ च्या अखेरीस मुंबईत येऊन दाखल झाली. इंग्लंडमध्ये स्त्री डॉक्टरला नाके मुरडली जात होती, येथे सोराबजी शापूरजी बंगाली यांच्यासारख्यांनी निधी जमवून तिला बोलावले होते. १८८६ साली कामा रुग्णालय उघडले, तेथे तिने काम केले. आणि याच पीचीबाई रखमाबाईंच्या पाठीशी उभ्या राहिल्या. बालपणी लावून दिलेल्या नवऱ्याकडे नांदायला जाणार नाही, असे बजावणाऱ्या रखमाबाईंना १८८७ साली मुंबईच्या न्यायालयाने फर्मावले की जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात बसा. तुरुंग पत्करीन, असे त्यांचे उत्तर होते. तडजोडीने सुटका झाल्यावर त्या लंडनला गेल्या आणि जेक्स-ब्लेक यांनी स्थापिलेल्या त्याच विद्यालयात शिकून डॉक्टर झाल्या. लग्न नाकारणाऱ्या इंग्रज स्त्रीने उभारलेल्या शाळेत लादलेले लग्न नाकारणारी मराठी स्त्री शिकली.

पंडिता रमाबाईंचा अनुभव मात्र आपल्याला सावध करणारा आहे. विधवा रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या आणि १८८४ पासून चेल्टनहॅमच्या मुलींच्या महाविद्यालयात राहिल्या. डोरोथिया बील या आजन्म अविवाहित विदुषी तेथे प्राचार्य होत्या. रमाबाईंनी भारतीय भाषा शिकवाव्यात आणि शिकणाऱ्यांत पुरुषही असावेत, असे बीलबाईंच्या मनात आले. लाहोर आणि मुंबई येथील बिशपांनी त्याला हरकत घेतली. हिंदुस्थानात पुरुषांच्या सभेत शास्त्रार्थ करणाऱ्या पंडितेला तेथे पुरुषांना शिकविण्यास मज्जाव! रमाबाईंनी पत्रांतून आपले म्हणणे निर्भीडपणे मांडले. कोणाच्याही आज्ञेत निमूट राहण्याचा त्यांचा पिंड नव्हता. नवऱ्याच्या सत्तेतून सुटलेल्या स्त्रीसाठी इंग्लंडमध्ये धर्मसत्तेचे कुंपण तयार होते, हे त्यांनी जवळून पाहिले.

येथवर आलेली नावे बहुतेक पांढरपेशी आहेत. त्यांचा लढा खरा होता, तो कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु अविवाहित स्त्रियांचा फार मोठा भाग कोठल्याच मासिकात लिहीत नव्हता. १८९१ च्या खानेसुमारीत इंग्लंड-वेल्समध्ये घरकामाच्या मोलकरणी तेरा लाखांहून अधिक होत्या. पहाटे चुली पेटवाव्यात, जिन्यांवरून कोळशाच्या बादल्या वाहाव्यात, रात्री सर्वांनंतर निजावे, आणि कोणा मित्राला भेटू नये ही नोकरीची अट. स्वतंत्र होऊ पाहणारी बाई व्याख्यानाला जाई तेव्हा तिच्या घरची चूल हीच दुसरी अविवाहिता सांभाळीत असे. ग्रेग यांनी तिला जादा म्हटले नाही, यात तिचे सुख नव्हते.

शिवणकाम करणाऱ्यांची गत कार्ल मार्क्सने ‘कॅपिटल’मध्ये नोंदवून ठेवली आहे. १८६३ सालच्या जून महिन्यात लंडनच्या एका प्रतिष्ठित शिवणगृहातली मेरी ॲन वॉकली ही वीस वर्षांची मुलगी मेली. नव्या युवराज्ञीच्या स्वागताच्या नृत्यसमारंभासाठी बड्या घरच्या स्त्रियांचे पोशाख तातडीने हवे होते. साठ मुलींबरोबर ती सलग साडेसव्वीस तास शिवीत होती. शुक्रवारी आजारी पडली, रविवारी गेली. अतिश्रम आणि कोंदट खोली यांनी ती मेली असे डॉक्टरने सांगितले. लंडनची वर्तमानपत्रे चार दिवस हळहळली.

पंचवीस वर्षांनी, १८८८ च्या जूनमध्ये, ॲनी बेझंट यांनी ‘लिंक’ या आपल्या पत्रात ब्रायंट अँड मे या आगपेट्यांच्या कारखान्याची हकीकत छापली. आपल्याकडे बेझंटबाई होमरूलमुळे आणि थिऑसफीमुळे परिचित. त्या काळी त्या समाजवादी होत्या. भागधारकांना तेवीस टक्के लाभांश वाटणाऱ्या त्या कारखान्यात सोळा वर्षांच्या मुलीला आठवड्याला चार शिलिंग मिळत. पाय मळके असले तरी दंड, बोलले तरी दंड. पिवळ्या फॉस्फरसच्या वाफेने जबड्याचे हाड कुजे. लेख छापून येताच तो खोटा आहे असे लिहून द्या म्हणून मुलींवर दडपण आले, त्यांनी सही दिली नाही, आणि जुलैत सुमारे चौदाशे मुली-बायका कारखान्याबाहेर पडल्या. हा संप बेझंटबाईंनी घडविला असे वर्षानुवर्षे लिहिले गेले. लुईझ रॉ यांच्या २००९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले की तो मुलींनी स्वतः उभारला. बेझंटबाईंचा कल संपापेक्षा बहिष्काराकडे होता. दंड रद्द झाले, कापाकाप थांबली, आणि त्या मुलींची स्वतःची युनियन झाली. प्रतिष्ठित घरातल्या बाईला जे स्वातंत्र्य वडिलांच्या पाचशे पौंडांनी मिळे, त्याचा एक लहानसा तुकडा या मुलींनी एकमेकींच्या आधाराने मिळविला.

या दोन जगांना जोडणाऱ्या स्त्रिया थोड्या होत्या, पण होत्या. एमा पॅटरसन यांनी १८७४ साली कामगार स्त्रियांच्या संघटनेसाठी मंडळ काढले आणि १८७५ साली त्या व एडिथ सिमकॉक्स ट्रेड युनियन काँग्रेसमध्ये प्रतिनिधी म्हणून जाऊन बसल्या. त्यापूर्वी तेथे स्त्री प्रतिनिधी नव्हती. सिमकॉक्स आजन्म अविवाहित. त्या विदुषी होत्या, आणि एका मैत्रिणीबरोबर सहकारी तत्त्वावर शर्ट शिवण्याचे दुकान चालवीत होत्या.

आणखी एक अविवाहिता, क्लेमेंटिना ब्लॅक. धाकट्या भावंडांना सांभाळून, कादंबऱ्या लिहून, वस्त्यावस्त्यांतून कामगार स्त्रियांच्या सभा घेत हिंडणारी. आगपेटीवाल्या मुलींचा संप झाला त्याच वर्षी ब्रॅडफर्ड येथे भरलेल्या ट्रेड युनियन काँग्रेसमध्ये समान कामाला स्त्रीपुरुषांना समान वेतन, असा ठराव त्यांनी मांडला आणि तो संमत झाला. अकरा वर्षांपूर्वी ज्या व्यासपीठावरून स्त्रियांना घरी जाण्याचा उपदेश झाला होता, त्याच व्यासपीठावर. ज्यांना ही मागणी पटली नव्हती अशा काही पुरुषांनीही तिला पाठिंबा दिला. समान वेतन द्यावे लागले तर मालक बाईला घेणारच नाही, असा त्यांचा आडाखा होता.

क्लेमेंटिना ब्लॅक १९२२ साली वारल्या. ब्रिटिश पार्लमेंटने समान वेतनाचा कायदा केला तो १९७० साली, ठरावानंतर ब्याऐंशी वर्षांनी. त्यालाही निमित्त झाले ते १९६८ साली लंडनच्या डॅगनम येथील मोटारींच्या कारखान्यात शिलाई यंत्रांवर बसणाऱ्या स्त्रियांच्या संपाचे. त्या मोटारींच्या बैठकांची कव्हरे शिवीत होत्या.